गाव बांधलं त्या दिवशीची चौकशी

आमचं गाव वर्षातून एक दिवस बांधतात. ज्येष्ठात, धानाच्या रोपांचे पऱ्हे टाकायच्या आधी, भुमकबाबा म्हणजे आमच्या गावदेवाची पूजा करणारे म्हातारे एक दिवस धरतात. त्या दिवशी सूर्य उगवल्यापासून दिवेलागणीपर्यंत गावातून कोणी बाहेर जात नाही आणि बाहेरचं कोणी आत येत नाही. विहिरीत बादली पडत नाही, चूल पेटत नाही. नांगर, कुऱ्हाड, झाडू, सायकलचं चाक, सगळं जिथल्या तिथे थांबतं. पहाटे माणसं कडुनिंबाची डहाळी आणि हळदीचं पाणी घेऊन शिवेवरून फिरून येतात. मग आखरावर, जिथे रोज सकाळी गावची गुरं गोळा होतात तिथे, पळस आणि मोह अशा दोन झाडांना सुताची दोरी आडवी बांधतात. पक्क्या रस्त्यावरून गावात यायची वाट तीच. दोरी कमरेच्या उंचीवर असते आणि बोटाएवढीही जाड नसते. कोंबड्या तिच्याखालून खुशाल ये-जा करतात.

काही वर्षांपूर्वी गाव बांधलं नेमकं त्याच दिवशी माझ्या बायकोची पोलीस चौकशी होती.

माझी बायको फिलिपिन्सची. मस्कतला एका मोठ्या हॉटेलात मी भांडारात होतो आणि ती चादरी-टॉवेलच्या खात्यात. महिनाअखेरीला तिने मोजलेला आकडा आणि माझ्या संगणकातला आकडा जुळला पाहिजे असा नियम होता. इतर कुणाशी माझा आकडा फारसा जुळला नाही. तिच्याशी तीन वर्षं जुळत राहिला. आमचं कसं जमलं असं लोक विचारतात तेव्हा मी एवढंच सांगतो, कारण मला याहून जास्त सांगता येत नाही.

दोघांनीही चाळिशी ओलांडली होती. उंच इमारतींचा तिला माझ्यापेक्षा जास्त कंटाळा आला होता. माझ्या वाट्याला अडीच एकर धानाची जमीन होती, वडशापासून बसने तासाभराच्या गावात. आम्ही तिथे येऊन राहिलो. तिच्या बेटावरही धान, तळी आणि वाळवलेली मासळी, आणि आमच्या झाडीपट्टीतही तेच. आली त्या दिवशी ती आमच्या बोडीवर, म्हणजे शेतातल्या लहान तळ्यावर, गेली. ओंजळीत पाणी घेऊन तिने वास घेतला आणि पुन्हा ओंजळ भरली. मी विचारलं, काय झालं. ती इंग्रजीत म्हणाली, हे पाणी मला ओळखीचं आहे.

पुढे ती मराठी शिकली ती गावच्या बायांकडून, चिखलात उभं राहून. त्यामुळे ती जी बोलते ती पक्की झाडी बोली. मी पुण्यात शिकलो, माझी बोली घासून गुळगुळीत झालेली. "तुमच्यापेक्षा वहिनीच गावच्या वाटतात," असं आमचा शेजारी माझ्या तोंडावर म्हणतो.

पण कागदावर ती गावची नव्हती. तिचा व्हिसा भारतीय माणसाची बायको म्हणून राहण्याचा, आणि मुदतीचा. मुदत संपत आली की जिल्ह्याच्या गावी जाऊन ती वाढवून घ्यायची. लग्नाची नोंदणी होऊन दोन वर्षं झाली की अशा बाईला जन्मभर राहण्याच्या कार्डासाठी अर्ज करता येतो. त्याला ओसीआय म्हणतात. ते नागरिकत्व नव्हे. पासपोर्ट तिच्याच देशाचा राहतो, मतदान करता येत नाही, शेतजमीन विकत घेता येत नाही. पण दरवेळी मुदतीकडे डोळे लावून बसावं लागत नाही. दोन वर्षं पुरी झाली त्याच आठवड्यात मी अर्जाला हात घातला.

कागद जमवणं हे माझ्या स्वभावाचं काम. प्रत्येकाची मूळ प्रत, तीन झेरॉक्स, एक स्कॅन. सगळं नीट चाललं होतं, अडलं ते फोटोवर. फोटो चौरस हवा होता, दोन्ही कान दिसायला हवे होते आणि मागचा रंग फिकट. वडशाच्या ज्या स्टुडिओत आम्ही गेलो त्याचा खरा धंदा हिवाळ्यातला. झाडीपट्टीच्या नाटकांचे कलाकार तिथे पोस्टरसाठी फोटो काढून घेतात. त्या माणसाने माझ्या बायकोलाही त्याच मायेने वागवलं. गाल उजळले, ओठ गुलाबी केले, भुवया रेखल्या, आणि मागे फिकट रंग म्हणून संध्याकाळचं आभाळ घातलं.

"हे कोण?" बायकोने विचारलं.

"तुमीच बाई. दुसऱ्या अंकातल्या."

अर्जाच्या संकेतस्थळाने तो फोटो दोनदा परत पाठवला. तिसऱ्यांदा आम्ही त्याला हात जोडले, काही म्हणजे काही करू नका. तो नाराज झाला, पण त्याने ऐकलं. दुसऱ्या अंकातला फोटो अजून आमच्या कपाटाच्या दारावर आहे.

मग चौकशी राहिली. ही बाई खरंच या पत्त्यावर राहते का, नवऱ्यासोबत राहते का, शेजारी ओळखतात का, हे आमच्या हद्दीतल्या ठाण्याच्या शिपायाने घरी येऊन बघायचं, दोन पंचांचं म्हणणं लिहून घ्यायचं आणि अहवाल वर पाठवायचा. तिच्या व्हिसाची मुदत आषाढात संपत होती. जिल्ह्याच्या कार्यालयातल्या बाईंनी मला समोर बसवून सरळ सांगितलं, "आठवड्याभरात अहवाल आला तर अर्ज पुढे जाईल. नाही आला तर परत येईल. मुदत पुन्हा वाढेल याची खात्री मी देऊ शकत नाही. मग मॅडमना त्यांच्या देशात जाऊन पहिल्यापासून सुरू करावं लागेल."

"किती दिवस लागतील?"

"ते कुणीच सांगू शकत नाही."

कुणीच सांगू शकत नाही असा आकडा मला सहन होत नाही. मी घरी आलो आणि त्या दिवशी जेवलो नाही.

शिपायाचा फोन शनिवारी आला. मंगळवारी दुपारी येतो, मॅडम घरीच पाहिजेत, बुधवारपासून महिनाभर मला बाहेर बंदोबस्ताला पाठवतायत, तेव्हा मंगळवार चुकवू नका. मी तीनदा होकार दिला. रविवारी सकाळी दवंडी फिरली. मंगळवारी गाव बांधणार.

मी तसाच भुमकबाबांकडे गेलो. ते अंगणात बसून मोहाच्या टोया, म्हणजे बिया, फोडत होते.

"बाबा, दिवस एक पुढे ढकलता येत नाई का?"

"दिवस का माझ्या घरचा हाये गा? धरला तो धरला."

"पोलीस येणार आहे. चौकशीले. नाई झाली तं तिले देश सोडून जावं लागंल."

त्यांनी एक टोई फोडली, टरफल बाजूला टाकलं. "येऊ दे न पोलीस. आखरावर येईल, दोरी दिसंल, थांबंल."

"अन् थांबला नाई तं?"

"तं मग तो जाणे आन् देव जाणे. मले काऊन विचारतं?"

मी म्हणालो, मग तिला सोमवारी संध्याकाळी बाहेर पाठवतो, ती ठाण्यात जाऊन भेटेल. बाबांनी पहिल्यांदा माझ्याकडे नीट बघितलं.

"पाव्हण्यायसंग?"

हा प्रश्न का बोचला ते सांगायला हवं. गाव बांधायच्या आदल्या संध्याकाळी गावातले सगळे पाहुणे निघून जातात. माहेरपणाला आलेल्या लेकीसुद्धा जातात. आमच्या लग्नानंतरच्या पहिल्या ज्येष्ठात बाबा स्वतः घरी आले होते आणि म्हणाले होते की तिला उद्या गावात ठेवता येत नाही, देवाला अजून सांगितलेलं नाही. मी भांडलो. ती भांडली नाही. तिने पिशवी भरली आणि आम्ही दोघं वडशाला माझ्या बहिणीकडे जाऊन राहिलो. त्या हिवाळ्यात आम्ही गावजेवण दिलं. तिने सुपात नवं धान घेऊन देवासमोर ठेवलं, बाबांनी तिच्या देशाचं नाव विचारून घेऊन ते देवाच्या कानी घातलं. पुढच्या ज्येष्ठापासून ती दोरीच्या आत राहिली.

आता ती पाहुण्यांच्या बसमध्ये बसली असती तर गावाच्या लेखी पुन्हा पाहुणी झाली असती. आणि नसती बसली तर सरकारच्या लेखी.

मी घरी येऊन दोन्ही बाजू तिच्यासमोर मांडल्या. बाहेर गेलो तर काय, राहिलो तर काय. शिवाय चौकशी घरीच व्हायला हवी, ठाण्यात भेटून भागेल की नाही हेही माहीत नव्हतं. ती मासळीतले खडे निवडत ऐकत होती.

"मी नाई जात," ती म्हणाली.

"पण समजून घे."

"समजलं. एक येळ गेल्ती. आता पाव्हण्यायसंग नाई जात."

"अन् अर्ज?"

"तुमी शिपायाले सांगा न, थांब म्हणून."

शिपायाचा फोन लागत नव्हता. सोमवारी मी मोटरसायकलवर ठाण्यात गेलो. तो दुसऱ्या गावी ड्युटीवर होता. ठाण्यात बसलेल्या जमादाराला मी सगळं सांगितलं. तो हसून म्हणाला, "गाव बांधलं? अन् सोडवाचं असलं तं कोणतं कलम लावू?" पण निरोप लिहून घेतला. तो पोचला की नाही हे मला त्या रात्रीपर्यंत कळलं नाही. संध्याकाळी शेवटच्या बसमध्ये पाहुणे गेले. माझी बायको अंगणात उभी राहून त्यांना हात करत होती, आणि शेजारीण तिला म्हणत होती, "अवो, तू तं अशी हात करून राह्यली जशी गावची पाटलीण."

मंगळवार.

तो दिवस मला जसा आठवतो तसा खरोखर होता की नाही याची मला खात्री देता येत नाही. गावाला आवाजच नव्हता. आपण रोज किती आवाजात राहतो हे फक्त त्या दिवशी कळतं. बादलीचा नाही, उखळाचा नाही, गिरणीचा नाही. मग हळूहळू इतर आवाज वर येतात, तळ पाण्यातून दिसू लागावा तसे. घरांच्या कौलांत चिमण्यांची नखं. गोठ्यात रवंथ. पलीकडच्या आळीत कुणीतरी कुशीवर वळलं की बाजेच्या सुताचा करकर आवाज. ऊन पांढरं होतं आणि हवा हलत नव्हती. माणसं ओसरीवर बसलेली, जणू सगळ्यांना एकाच वेळी काहीतरी आठवायचं होतं आणि ते आठवत नव्हतं.

आम्ही आदल्या दिवशीचा भात पाण्यात घालून खाल्ला, मीठ आणि कांद्यासोबत. अंगण झाडलेलं नव्हतं. रात्रीची पानं तशीच पडलेली होती, आणि त्यांच्यावरून चालताना बायको पाऊल जपून टाकत होती.

"आमच्या इकडं पण असते," ती म्हणाली. तिच्या बेटावरचा गुड फ्रायडे. त्या दिवशी देव मेलेला असतो म्हणून कोणी काम करायचं नाही, आंघोळ करायची नाही, मोठ्याने हसायचं नाही, प्रवासाला निघायचं नाही. तिची आई मुलांना खोलीत बसवून ठेवायची. "आमी बसून राहाचो. समुद्राचा आवाज याचा. मले वाटे, देव मेला तं समुद्र काऊन चालू हाये?"

मी घड्याळ बघत होतो. दुपारी म्हणजे किती वाजता, हे विचारून घेतलं नाही याची खंत करत होतो. फाइल मांडीवर होती. ती म्हणाली, "ठेवा न ते खाली." मी ठेवली आणि परत उचलली.

मोटरसायकल फार लांबून ऐकू आली. त्या दिवशी रस्त्यावरून दुसरं काही गेलंच नव्हतं, त्यामुळे तो आवाज गावातल्या प्रत्येकाने ऐकला असणार. आधी तो जंगलात होता, मग पुलावर, मग उताराला. आम्ही आखराकडे चालत गेलो तेव्हा मागे वळून पाहिलं तर अर्धं गाव मागून येत होतं. धूळ पायाखाली मऊ आणि गरम होती.

दोरीवर पहाऱ्याला आमचा शेजारी बसला होता. शिपायाने गाडी पलीकडे थांबवली, हेल्मेट काढलं. तिशीतला माणूस, घामाने शर्ट पाठीला चिकटलेला.

"रस्ता बंद हाये का?"

"गाव बांधलं साहेब," शेजारी म्हणाला. "दिवे लागले का या."

"मले चौकशी करायची हाये. परदेशी बाई राहते न इथी?"

"परदेशी कोणी नाई साहेब. बाहेरचे सारे काल बसनं गेले."

शिपायाने आमच्याकडे पाहिलं. माझी बायको पदर डोक्यावर घेऊन पुढेच उभी होती, आणि ती कुठल्या कोनातून झाडीची दिसते असं मी तरी म्हणणार नाही.

"मग ह्या कोण?"

"ह्या गावच्या. गावच्या नसत्या तं काल गेल्या नसत्या का?"

लोक हसले. शिपाई हसला नाही. तो दोरीपर्यंत आला. वर्दीतला माणूस, दोरी सुताची. माझ्या मनात आलं की याने सरळ खाली वाकून आत यावं, काम करावं आणि जावं. आमच्यावर दोष येणार नाही, अहवाल जाईल. मी ते मनातल्या मनात इतक्या जोराने म्हणत होतो की मला वाटलं बायकोने ऐकलं असेल. तिने माझ्याकडे पाहिलंही नाही.

शिपायाने दोरीला हात लावला नाही. तो तिथेच उभा राहून म्हणाला, "आमच्या भामरागडाकडं दोन दिवस बांधतात. माझी आजी मले ठाण्यातून सुट्टी घेऊन ये म्हणते." आणि मोहाच्या झाडाखाली, पलीकडच्या बाजूला, बसला. "निरोप भेटला होता मले. पण म्हटलं जाऊन तं बघू. कागद द्या."

मी फाइल पुढे केली. माझा हात दोरीवर पोचायच्या आत भुमकबाबांचा आवाज आला, "हात मागं."

त्या दिवशी आतलं बाहेर जात नाही, माणूस नाही तसा कागदही नाही. मी हात मागे घेतला. शिपाईही मान हलवून म्हणाला, "हो न. माहीत हाये."

मग त्याने जे केलं ते मी कुठल्याही कार्यालयात होताना पाहिलेलं नाही. त्याने आपल्या बाजूने वही उघडली आणि प्रश्न वाचायला सुरुवात केली. आम्ही अलीकडून उत्तरं देत होतो. सहा-सात हातांवरून, त्या शांततेत, मोठ्याने बोलायची गरज नव्हती. मी फाइल उघडून पासपोर्टचा क्रमांक वाचून दाखवला, तो लिहून घेत होता. मी दुसऱ्यांदा वाचला, त्याने ताडून पाहिला. आकडा जुळला.

"इथे राहण्याचा उद्देश?" त्याने विचारलं.

मी तोंड उघडलं होतं. ती आधी बोलली, "रोवणा, निंदण, आन् ह्यायचा स्वयपाक."

"स्वयपाक नको लिहू साहेब," मागून शेजारीण म्हणाली. "भाजीत चिंच इतकी टाकते का दात आंबते."

"तुले नाई आवडत तं ताट चाटून काऊन खाते?" बायको म्हणाली.

शिपायाने काय लिहिलं ते दिसलं नाही. त्याच्या खांद्याला मात्र हसू आलेलं दिसलं.

प्रश्न संपले. सह्या, पंचांचे अंगठे आणि दारात उभं राहून फोटो एवढं उरलं, आणि ते आत आल्याशिवाय होणार नव्हतं. त्याने घड्याळ पाहिलं, रस्त्याकडे पाहिलं. मला वाटलं, जाईल. त्याने गळ्यातला दुपट्टा तोंडावर घेतला आणि झाडाला टेकला. "थांबतो," एवढंच म्हणाला.

दुपार पुढे सरकेना. लोक एकेक करून सावलीला गेले. मी आणि ती पळसाखाली बसलो. पलीकडे तो, मध्ये दोरी. सावल्या दोरीखालून इकडून तिकडे गेल्या. एक बकरी गेली आणि आली. त्याची पाण्याची बाटली संपली होती, रिकामी बाटली त्याच्या पायाशी आडवी पडलेली. आमच्याकडे आदल्या दिवशीचं भरलेलं पाणी होतं. पाहुण्याला दारात तहानलेला ठेवणं आमच्याकडे कुणाच्या हातून होत नाही. बायकोला ते सहन होईना. ती उठली, बाबांकडे गेली. परत आली तेव्हा तिच्या हातात तांब्या तसाच होता. तिने तो जमिनीवर ठेवला आणि वर पान झाकलं.

"पी न," मी म्हणालो.

"तो पीत नाई तवरी नाई पीत."

थोड्या वेळाने मला दिसलं की शेजाऱ्यानेही आपला तांब्या बाजूला सारलाय. बाबांचं माहीत नाही. त्या उन्हात आम्ही सगळे तसेच बसलो होतो. मला अधूनमधून डुलकी लागत होती आणि प्रत्येक वेळी जाग आल्यावर वाटायचं की आपण मस्कतला आहोत, खिडकीबाहेर पांढरं ऊन आहे, आणि ती कुठेतरी चादरी मोजते आहे. मग समोरची दोरी दिसायची.

एकदा शिपाई दुपट्ट्याआडून म्हणाला, "बाई, तुमच्या देशात समुद्र हाये म्हणतात."

"हाये न. चारी बाजूनं."

"मी नाई पाह्यला अजून."

"मोठी बोडी समजा," ती म्हणाली. "दुसरा बांध दिसत नाई, एवढंच."

सूर्य जंगलामागे गेला तेव्हा बाबा आले. त्यांनी दोरीची गाठ सोडली, दोरी हातावर गुंडाळली आणि देवाकडे गेले. घराघरांत दिवे लागले. आधी एक, मग सगळे. आणि मग एकदम आवाज सुटले. बादल्या, लाकडं, कुत्री, कुणाचा तरी मोबाइल. माझी बायको तांब्या घेऊन शिपायासमोर उभी होती. त्याने तांब्या उंच धरून एका दमात अर्धा संपवला आणि उरलेला तिच्या हातात परत दिला. तोही तिने तिथेच उभ्याने संपवला.

घरी सह्या झाल्या. दारात उभं करून त्याने मोबाइलच्या उजेडात फोटो काढला. पंच म्हणून शेजारी आणि भुमकबाबा. शिपायाने विचारलं, ही बाई इथे कधीपासून राहते. मी तारीख सांगितली, विमानतळावरच्या शिक्क्याची, फाइल न बघता.

"नाई," बाबा म्हणाले. "पयलं साल धरू नका. पयल्या साली ती पाव्हणी होती."

मी त्यांना समजावू लागलो की कायद्यात शिक्क्याची तारीख चालते, एक वर्ष कमी लिहिलं तर अर्ज अडेल. बाबा ऐकेनात. त्यांनी जे पाहिलं तेच ते सांगणार. शिपायाने दोघांचं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "तारीख तुमची लिहितो. बाबांचं म्हणणं बाबांच्या शब्दात खाली लिहितो. ‘पहिल्या वर्षी पाहुणी होती, नंतर गावची झाली.’ चालंल?"

चालेल की नाही हे मला ठरवता येईना. ते वर वाचणारा माणूस काय समजेल, याचा मला अंदाज करता येत नव्हता. पण बाबांचा अंगठा उमटला होता आणि बायको ताट वाढत होती. शिपाई जेवून गेला. चिंच घातलेली मासळी त्याने दोनदा मागून घेतली. अहवाल त्याने बंदोबस्ताला निघायच्या आधी पाठवला, हे मला जिल्ह्याच्या कार्यालयातून दुसऱ्या दिवशी कळलं.

त्यानंतरचे आठवडे मी नीट झोपलो नाही. अर्जाची स्थिती दाखवणारं एक पान असतं, ते मी रोज सकाळी उघडायचो. ‘विचाराधीन’. पाऊस आला, पऱ्हे तयार झाले, रोवणा, म्हणजे धानाची लावणी, सुरू झाला. तिची मुदत संपायला थोडेच दिवस उरले होते. मी तिच्या नकळत विमानाची तिकिटं पाहून ठेवली होती, पण कुठल्या तारखेचं काढायचं हे ठरत नव्हतं. ती पहाटेच चिखलात जायची. आमच्या रोवण्याला शेजारणी आल्या होत्या, त्यांच्या रोवण्याला ती जात होती. कुणाकडे किती जणी, कुणाच्या बांधीचा, म्हणजे धानाच्या खाचराचा, नंबर कधी, हे सगळं त्यांच्या तोंडपाठ असतं. त्यात माझी लुडबुड चालत नाही.

त्या सकाळी पान उघडलं तर शब्द बदलला होता. अर्ज मंजूर झाला होता. थोड्याच वेळात मोबाइलवर निरोपही आला की कार्ड तयार झालं आहे, पासपोर्टसह स्वतः येऊन घेऊन जावं, त्यासाठी दोन दिवसांनंतरची तारीख देता येईल. मी चप्पल न घालता बांधावरून धावत गेलो. पंधरा-वीस बाया एका ओळीत वाकून मागे मागे सरकत रोवत होत्या. पावसाची भुरभुर होती आणि सगळ्यांनी डोक्यावरून मोऱ्या, म्हणजे पावसाची इरली, घेतल्या होत्या, त्यामुळे मागून कोण कोणती ते ओळखू येईना. मी बांधावर उभा राहून मोठ्याने तिला हाक मारली.

तिसऱ्या मोरीखालून चेहरा वर आला.

"झालं!" मी म्हणालो. "मंजूर झालं. परवा जाऊन घ्यायचंय."

ओळ क्षणभर थांबली. शेजारीण म्हणाली, "म्हणजे आता ही कायमची आमच्या डोक्यावर?"

"मरेपर्यंत," बायको म्हणाली. तिने पावसाने भिजलेलं तोंड मनगटाने पुसलं, तिथे चिखलाचा पट्टा उमटला.

मग म्हणाली, "परवा नाई जमत. परवा हिच्या बांधीचा नंबर हाये."

"अगं, पण तारीख—"

"पुढची तारीख मागा न. ते कार्ड कुठी पळून जाते?"

तिने डाव्या हातातल्या पेंडीतून पऱ्हे सोडवले आणि वाकली. तिच्या दोन्ही बाजूंच्या बाया एक पाऊल मागे गेल्या होत्या. ती भराभर रोवत त्यांच्या रांगेला येऊन मिळाली. मी बांधावर पावसात उभा राहिलो आणि पुढची तारीख मागण्यासाठी मोबाइल शर्टाच्या आत धरून, त्याची काच पुसू लागलो.